दगडफुलावाचून गोडा मसाला

घरात गोडा मसाला नसेल तर काय करावं, याची दोन ठरलेली उत्तरं मराठी स्वयंपाकघरात ऐकू येतात. पहिलं उत्तर कडक: दगडफूल आणि नागकेशर असल्याशिवाय गोडा मसाला होत नाही, तेव्हा देशातून कुणी येईपर्यंत थांबा. दुसरं सैल: गरम मसाला घाला, काही बिघडत नाही. पाककृतीच्या साहित्यात ‘गोडा किंवा गरम मसाला’ असं छापलेलं दिसतं, ते याच दुसऱ्या उत्तराचं रूप. वरवर पाहता ही मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. मसाल्याचा जीव त्यातल्या दुर्मीळ, महाग आणि उग्र वासाच्या वस्तूंत असतो, अशी ती समजूत. कडक मताचे लोक म्हणतात, त्या वस्तू नाहीत तर मसाला नाही. सैल मताचे म्हणतात, उग्र वासच हवा ना, मग तो गरम मसाल्यातही आहे.

मला ही समजूतच मान्य नाही. गोड्या मसाल्यात प्रधान आहेत ते धणे, सुकं खोबरं आणि तीळ, आणि त्यांच्या जोडीला त्यांचं वेगवेगळं, बेताचं भाजणं. दगडफूल, नागकेशर, शहाजिरे ही त्याची अंगं. अंगाला पर्याय शोधता येतो, प्रसंगी त्याच्यावाचून भागवताही येतं. प्रधानाला पर्याय नाही, आणि त्याची गरजही पडत नाही, कारण धणे, खोबरं, तीळ आज जगात जवळजवळ कुठेही मिळतात. म्हणून घरी केलेला पर्यायी गोडा मसाला हा नाइलाज नसून खराच गोडा मसाला आहे, आणि गरम मसाला हा त्याचा पर्याय मुळीच नाही.

कडक मताची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती निव्वळ हट्टाची नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून जो जीव तयार होतो, त्या वर्गातलं हे दगडफूल. शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लेटम. सह्याद्रीत आणि हिमालयाच्या उतारांवर झाडांच्या सालींवर आणि खडकांवर ते वाढतं. कोरडं हुंगलं तर पावसात भिजलेल्या लाकडासारखा मंद वास येतो, तोही नीट लक्ष दिलं तर. पण गरम तेलात पडलं की ते कुरकुरीत होतं आणि एक मातकट, किंचित धुरकट वास सुटतो. मसाल्याच्या डब्यातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला तो नाही. पूर्वपक्ष असा: दगडफुलासारखं दुसरं काही नाही, म्हणून दगडफुलावाचून केलेला मसाला हा गोडा मसाला नव्हे. यातला पहिला भाग खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

मूळ द्रव्य मिळालं नाही तर काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच फार बारकाईने तपासला गेला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद प्रतिनिधीच्या, म्हणजे मूळ वस्तूच्या जागी घ्यायच्या पर्यायाच्या, विचाराचा आहे. यज्ञाला व्रीही, म्हणजे भात, सांगितला आहे आणि तो मिळाला नाही किंवा मध्येच नासला, तर यज्ञ सोडून द्यायचा का? मीमांसकांचं उत्तर: नाही, नीवार घ्यावा. नीवार म्हणजे आपोआप उगवणारा रानटी भात, आपल्याकडे त्याला देवभातही म्हणतात. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीक घ्यावी, असं तर श्रुतीनेच सांगून ठेवलं आहे. पण मीमांसक ‘चालेल’ म्हणून थांबत नाहीत. कशाला प्रतिनिधी चालतो आणि कशाला नाही, याची हद्द ते आखतात. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला, अग्नीला, मंत्राला आणि क्रियेला चालत नाही. निषिद्ध वस्तू कितीही सारखी दिसली तरी प्रतिनिधी म्हणून घ्यायची नाही: मुगाच्या जागी उडीद जवळचा वाटेल, पण यज्ञाला तो वर्ज्य, म्हणून तिथेही वर्ज्यच. आणि प्रतिनिधीही मिळाला नाही, तर पुढची वस्तू शोधताना ती मूळ द्रव्यासारखी असावी लागते, प्रतिनिधीसारखी नव्हे. हा शेवटचा नियम मला विशेष मोलाचा वाटतो, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

त्याच पादात आणखी एक भेद आहे. एखादं फळ मिळावं म्हणून केलेलं काम्य कर्म सर्व अंगांसह पुरं झालं पाहिजे, एक अंग राहिलं तरी फळ नाही. नित्य कर्माचं तसं नाही. अग्निहोत्रासारखं जे आयुष्यभर करायचं आहे, त्यात शक्य तितकी अंगं करावीत. एखादं राहिलं म्हणून कर्म टाकू नये, टाकलं तरच दोष. रोजची आमटी ही नित्य गोष्ट आहे. दगडफूल नाही म्हणून वर्षभर परदेशातल्या घरात गोड्या मसाल्याची आमटी न होणं, मुलांना तिची चवच न कळणं, हा दगडफुलावाचून केलेल्या आमटीपेक्षा कितीतरी मोठा दोष आहे. कडक मत राखणदारी करायला जातं, आणि ज्याची राखण करायची तेच नाहीसं होतं.

आयुर्वेदाने हाच विचार औषधांना लावला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने भावप्रकाशात अमुक नसेल तर अमुक घ्यावं, याची यादीच दिली आहे. अष्टवर्गातल्या हिमालयातल्या दुर्मीळ वनस्पतींपैकी मेदा-महामेदा नसतील तर शतावरी, जीवक-ऋषभक नसतील तर विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद. आज बाजारात मिळणाऱ्या च्यवनप्राशात बहुधा हे प्रतिनिधीच असतात आणि तरीही त्याला कुणी नकली च्यवनप्राश म्हणत नाही. मात्र यादीबरोबरच भावमिश्र नियमही सांगतो: योगात जे अप्रधान असेल त्यालाच प्रतिनिधी घ्यावा, जे प्रधान आहे त्याच्या जागी सदृश वस्तूही घेऊ नये. च्यवनप्राशात प्रधान आहे आवळा. चरकाच्या कृतीत तो पाचशे फळं या मापाने येतो. आवळ्याला प्रतिनिधी नाही. अष्टवर्ग नाही म्हणून च्यवनप्राश थांबत नाही, आणि आवळा नसताना अष्टवर्गाची आठही द्रव्यं असली तरी च्यवनप्राश होत नाही.

आता गोड्या मसाल्यात आवळ्याच्या जागी काय आहे ते पाहू. आमच्या घरचं प्रमाण धरते: धणे 100 ग्रॅम, सुकं खोबरं 40, तीळ 30, जिरे 15, शहाजिरे 5, मिरी 5, दालचिनी 5, दगडफूल 5, लवंग 3, नागकेशर 3, दोन-तीन मसाला वेलच्या, तीन-चार तमालपत्रं, आणि शिवाय हिंग, हळद, मीठ. घराघरांत हे बदलतं. कुणी खसखस घालतं, कुणी जायपत्री, कुणी बाद्यान, कुणी दोन-चार सुक्या मिरच्या. काही घरांत खोबरं धण्यांच्या निम्मं असतं. पण धणे-खोबरं-तीळ मिळून साधारण चार-पंचमांश वजन भरतं, आणि ज्यांच्यावरून सगळा वाद आहे ती दगडफूल आणि नागकेशर मिळून शंभरात चार भागही होत नाहीत.

यावर विरोधक लगेच म्हणेल, वजन कसलं मोजता? केशर किती काड्या घालतो, आणि तरी केशरी दूध केशराचंच. आक्षेप रास्त आहे. म्हणून वजन सोडून अन्वय-व्यतिरेकाने पाहू. एखादी गोष्ट असताना परिणाम दिसतो आणि नसताना दिसत नाही, तरच ती त्या परिणामाचं कारण. केशरी दुधातून केशर काढा, नुसतं गोड दूध उरतं. म्हणून तिथे केशर प्रधान. गोड्या मसाल्यातून दगडफूल काढा आणि बाकी सगळं नीट भाजून तुरीच्या आमटीला घाला, चिंच-गुळाबरोबर. खाणारा मराठी माणूस काय म्हणेल?

माझी भाची जर्मनीत एका लहान गावात राहते. तिथल्या एकुलत्या एक भारतीय दुकानात दगडफूल येत नाही. ‘मावशी, नसेल तर मग काय, गरम मसालाच ना?’ असा तिचा फोन आला. तिला दगडफूल आणि नागकेशर वगळून वरच्या प्रमाणाने मसाला करायला लावलं. पुढे तिच्या सासूबाई सांगलीहून तिच्याकडे गेल्या तेव्हा त्यांनी आमटी चाखून सांगितलं, ‘मसाला घरचाच आहे, पण काहीतरी राहिलंय.’ या वाक्यात सगळा निवाडा आहे. ‘राहिलंय’ हे खरं, म्हणजे दगडफुलाला काम होतं. पण ‘घरचाच आहे’ हेही तितकंच खरं. आता उलट करून पाहा: दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी सगळं ठेवा आणि धणे, खोबरं, तीळ काढा. त्या पुडीची आमटी सांगलीच काय, कुठल्याच गावच्या सासूबाई घरची म्हणणार नाहीत.

गरम मसाला नेमका हीच उलटी पुडी आहे. त्यात लवंग, मिरी, दालचिनी, वेलदोडा हे मुख्य असतात. धणे असले तरी मागे असतात, खोबरं आणि तीळ नसतातच. आमच्या गोड्या मसाल्यात लवंग दोन टक्क्यांच्याही आत असते, गरम मसाल्यात ती याच्या कितीतरी पट. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल हे द्रव्य असतं. जीभ किंचित बधिर करणारं आणि जास्त झालं की कडवट लागणारं ते हेच. चिंच-गुळाच्या आमटीत चमचाभर गोड्या मसाल्याऐवजी चमचाभर गरम मसाला घातला, की आंबटगोड चवीवर हा कडवटपणा चढून बसतो. शिवाय गोडा मसाला नुसता वास देत नाही. भाजलेलं खोबरं आणि तीळ आमटीला अंग देतात, भरल्या वांग्यांच्या सारणाला बांधून ठेवतात, मटकीच्या उसळीचा रस दाट करतात. म्हणूनच तो उकळीबरोबर शिजवायचा असतो. गरम मसाला उतरवताना वरून भुरभुरायचा, कारण त्याचा उडून जाणारा सुगंधच हवा असतो. काम वेगळं, वेळ वेगळी, घडण वेगळी, आणि तरी ‘किंवा’ म्हणून दोघांना एका ओळीत बसवलं जातं. मीमांसेच्या भाषेत, अंग ठेवून प्रधानच बदललं.

दुर्मीळ वस्तूंचा एकेक हिशेब केला तर कडक मताचा पाया आणखी ढिला होतो. नागकेशर घ्या. खरं नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाच्या फुलातले पुंकेसर. पण बाजारात या नावाखाली काय काय विकलं जातं? लाल नागकेशर म्हणून सुरंगीच्या सुक्या कळ्या येतात. काळं नागकेशर म्हणून येतात ते बारीक देठाचे, लवंगेसारखे दिसणारे काळे दाणे, आणि ती दालचिनीच्या कुळातल्या झाडांची कोवळी, कच्ची फळं असतात. मसाल्यासाठी वाणी जे बांधून देतो ते बहुतेकदा हेच काळे दाणे. एक दाणा दाताखाली धरला तर सौम्य दालचिनीची चव लगेच कळते. म्हणजे ज्या घरांत नागकेशराशिवाय गोडा मसाला होत नाही असं ठामपणे सांगतात, त्यातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या नागकेशराचा प्रतिनिधीच पडत आला आहे, आणि मसाला उत्तम झाला आहे. परदेशात ते मिळालं नाही तर दालचिनी थोडी वाढवावी. कुळ तेच, चवीचा कल तोच.

तमालपत्राची गोष्ट उलट आहे, आणि तिथे सावध राहायला हवं. आपलं तमालपत्र दालचिनीच्याच कुळातलं. पान उजेडात धरलं की देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. युरोप-अमेरिकेत ‘बे लीफ’ म्हणून मिळतं ते लॉरेल नावाच्या वेगळ्या झाडाचं पान. त्याला मधोमध एकच शीर असते आणि वास निलगिरीकडे झुकणारा. इंग्रजीत दोघांना एकच नाव, सुकल्यावर दिसायलाही जवळपास सारखं, म्हणून लोक बिनदिक्कत ते टाकतात. मुगाच्या जागी उडीद घेण्याचाच हा प्रकार. लॉरेलचं पान घालण्यापेक्षा तमालपत्र वगळून दालचिनीचा एक तुकडा जास्त घातलेला बरा. युरोपात राईच्या पावात घालतात ते कॅरावे आणि आपलं शहाजिरं यांचंही असंच आहे. दिसायला भाऊ, पण वासाचं मुख्य द्रव्य वेगळं. चिमूटभर चालेल, त्यापेक्षा साधे जिरे थोडे वाढवणं अधिक सुरक्षित.

खसखस ज्यांच्या मसाल्यात आहे, त्यांच्यापुढे वेगळीच अडचण असते. अफूच्या बोंडातलं बी म्हणून संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि सिंगापूरमध्येही तिच्यावर कडक बंधनं आहेत. आखाती देशांत हजारो मराठी घरं आहेत. तिथे खसखस सामानातून नेण्याचा विचारसुद्धा करू नये. ती तेलकट दाटपणासाठी असते, तो तीळ वाढवून किंवा थोडे काजू भाजून मिळतो.

आणि दगडफूल? त्याला खरा प्रतिनिधी नाही, हे मी आधीच मान्य केलं आहे. धुरकट छटा थोडी हवी असेल तर मसाला वेलची एखादी जास्त घालावी. ती धुरावर वाळवतात, त्यामुळे तो वास तिच्यात मुरलेला असतो. पण इथेच मीमांसकांचा तो नियम आठवायचा. मसाला वेलचीही मिळत नाही म्हणून धुरावलेली स्पॅनिश मिरचीपूड घालावी, असं सुचवणारे भेटतात. ती पूड प्रतिनिधीसारखी आहे, मूळ द्रव्यासारखी नाही. धूर आला, पण दगडफुलाचा मातकटपणा गेला तो गेलाच, वर मिरचीचा लाल रंग आणि गोडसर चव आली. अशा दोन उड्या मारल्या की आपण कुठून निघालो हेच विसरायला होतं. त्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवावी. ‘काहीतरी राहिलंय’ हे ‘काहीतरी भलतंच आलंय’ यापेक्षा नेहमी बरं.

द्रव्याला प्रतिनिधी चालतो, क्रियेला नाही. गोड्या मसाल्यात क्रिया म्हणजे भाजणं, आणि पर्यायी मसाला फसतो तो बहुतेक वेळा इथे. धणे थेंबभर तेलावर, मंद आचेवर, एकटे भाजायचे. आधी कच्चा, लिंबासारखा हिरवट वास येतो, मग तो मावळून खमंग वास सुरू होतो आणि दाणा एका छटेने गडद होतो, तिथे थांबायचं. तीळ कोरडे भाजायचे, तडतडून कढईत उड्या मारू लागले की लगेच ताटात काढायचे. कढईत राहिले तर गॅस बंद केल्यावरही करपतात. खोबऱ्याचा कीस बदामी होईपर्यंत, सतत हलवत. दगडफूल मिळालं असेल तर आधी ते निवडून सालीचे तुकडे आणि वाळू काढायची, मग तेलात क्षणभर. हिंगाचा खडा फुलेपर्यंत तळायचा. हे सगळं एकत्र कढईत टाकून भाजलं तर धणे कच्चे राहतात तोवर तीळ कडू झालेले असतात. तयार धणेपूड आणून काम उरकणाऱ्यांना मसाला जमत नाही, त्याचंही कारण हेच. पुडीत दाणा उरलेलाच नसतो, ती भाजायला घेतली की खमंग होण्याआधी जळते.

खोबऱ्याबद्दल परदेशात राहणाऱ्यांना एक सांगायला हवं. तिथल्या दुकानात साखर लावलेला नारळाचा कीस मिळतो. तो घेऊ नये, कारण साखर आधी करपते. बिनसाखरेचा सुका कीस घ्यावा. सुक्या खोबऱ्याच्या वाटीत जवळजवळ दोन-तृतीयांश तेल असतं आणि वाळताना तिला स्वतःचा वास येतो. विकतचा कीस त्यापेक्षा कोरडा आणि सौम्य. म्हणून तो अर्धा चमचा खोबरेल तेलावर भाजावा, आणि बारीक असल्यामुळे डोळ्यांत तेल घालून भाजावा. डंकाची सोय तिथे नाही, मिक्सरवर थांबून थांबून, खोबरं धण्यांच्या जोडीने फिरवावं; एकट्या खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. तयार मसाला काचेच्या बरणीत, वर हिंगाचा एक खडा ठेवून, थंड जागी. खोबऱ्या-तिळाच्या तेलामुळे तो कालांतराने खवट होतो, तेव्हा थोडा थोडाच करावा.

आणखी एक आक्षेप शिल्लक आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे: अशी मोकळीक दिली की शेवटी करी पावडर होते. इंग्रजांनी हेच केलं, जे मिळेल ते घालून एक पिवळी पूड डब्यात भरली आणि आपल्या शंभर मसाल्यांना तिचं एकच नाव दिलं. भीती खरी आहे, पण दोष चुकीच्या जागी दाखवला जातो. 1747 साली हॅना ग्लास या इंग्रज बाईंच्या पाकपुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृती छापली गेली, छापील इंग्रजी पुस्तकांतल्या सर्वांत जुन्या करींपैकी ती एक. त्यात मसाला म्हणून जवळजवळ फक्त मिरी आणि धणे आहेत, आणि धणे स्वच्छ फावड्यावर विस्तवावर भाजून कुटायला सांगितले आहेत. इतक्या दूर बसलेल्या त्या बाईंना हळद, जिरे, खोबरं सुचलं नाही, पण धणे भाजून कुटायचे हे मात्र पुस्तकात उतरलं. करी पावडर बिघडली ती पुढे. हळद-मेथीची तयार पूड डब्यातून थेट रश्श्यात पडू लागली आणि एकच पूड सगळ्या पदार्थांना पुरेल अशी समजूत झाली. तिचा दोष प्रतिनिधी घेणं हा नाही. क्रिया सोडली आणि कुठल्या पदार्थात प्रधान काय हे पाहिलं नाही, हा आहे. ‘गोडा किंवा गरम’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते: करी पावडरीची वाट तुम्ही धरली आहे, घरी धणे भाजणाऱ्या भाचीने नव्हे.

इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. माझं म्हणणं प्रत्येक मसाल्याला सरसकट लागू करू नये, कारण प्रत्येकाचं प्रधान वेगळं. कोल्हापूरच्या कांदा-लसूण मसाल्यात प्रधान आहेत मिरची, कांदा आणि लसूण. तिथे खोबरं कमी-जास्त झालं तर चालेल. मिरची मात्र तोलून घ्यावी लागेल. ब्याडगी मिळाली नाही तर तिच्यासारखाच भरपूर रंग आणि कमी तिखटपणा असलेली हंगेरीची गोड मिरचीपूड थोडीफार जवळ जाते, धुरावलेली मुळीच नाही. वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसालाही असाच मिरचीवर उभा आहे. त्याच्या वीस-पंचवीस घटकांतले दोन गेले तरी तो ओळखू येतो, मिरच्यांचं मिश्रण बदललं की येत नाही. प्रत्येक मसाल्याला आधी हा एक प्रश्न विचारावा, मगच पर्याय शोधायला निघावं.

आणि परंपरा म्हणाल, तर या मसाल्यातल्या कित्येक वस्तू इथल्या मातीतल्या नाहीतच. लवंग मोलुक्का बेटांची, जायपत्री बांदा बेटांची. बाद्यान चीन-व्हिएतनामकडून येतं. काही घरांत पडणारी लाल मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. त्याची रोपं भारतात लावण्याचा प्रयोग हिमाचलातल्या लाहौलमध्ये सुरू झाला तोसुद्धा 2020 साली. पूर्वीच्या बायकांनी बंदरावर जे उतरलं ते घेतलं, भाजून पाहिलं, आणि धणे-खोबऱ्या-तिळाच्या मुक्कामाला आणून बसवलं. श्टुटगार्टमधल्या किंवा दुबईतल्या मुलीने तेच केलं तर ती परंपरा मोडत नाही, पुढे चालवते.

मूळ द्रव्य मिळालं की प्रतिनिधी ठेवू नये, हेही मीमांसकच सांगतात. दगडफूल हाती आलं की ते घालाच. तोवर माझी विनंती पाककृती लिहिणाऱ्यांना आहे. पुढच्या वेळी साहित्यात ‘किंवा गरम मसाला’ लिहू नका. त्या जागी लिहा: ‘गोडा मसाला नसेल तर तीन चमचे धणे, एक चमचा तीळ आणि दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस वेगवेगळे भाजून, दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी घालून कुटून घ्या.’ हे सगळं वीस मिनिटांत होतं.